माणशी चार लिटर

सोमवार, ८ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बोटीवर दीड दिवस पोटात अन्नाचा कण ठरला नाही. होडी वाळूला लागली तेव्हा मला अक्षरशः उचलून उतरवावं लागलं, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. मग मीही हसले. सहा वर्षं राजधानीत, तारावाच्या पाणी कचेरीत बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे नीट मांडायचे, एवढंच माझं काम होतं. आकडे आणायला स्वतः बाहेर पडायची ही पहिलीच वेळ. अबाटोरो बेट नकाशात इतकं बारीक आहे की आमच्या साहेबांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं तर दिसेनासं झालं.

उतरायची सोय तोरेकाबाईंकडे आहे, मानाने म्हणायचं तर नेई तोरेका. नवरा परदेशी जहाजावर. घरात तिची सासू नेई तिनाई आणि लेक रोतिया, दिवस भरत आलेली. म्हातारीने माझा गाल हुंगला आणि म्हणाली, हिला कागदाचा वास येतो, हिला जरा उन्हात वाळवा. जेवायला मासा, भात आणि भाजलेला विलायती फणस. तोरेकाने माझ्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा वाढला आणि मी तो संपवेपर्यंत समोरून हलली नाही. आईची आठवण झाली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मानेआबात, सभेच्या मोठ्या छपराखाली, सगळं गाव जमलं होतं. खांबाला टेकून वडीलधारे, कडेने बायका, मधे पोरं. काइतिरा हे इथले मुख्य, आदराने सगळे तेन काइतिरा म्हणतात. बारीक, ताठ, मिश्कील. मी कशाला आलेय ते त्यांनीच लोकांना सांगितलं. गेल्या महिन्याच्या मोठ्या भरतीत समुद्र विहिरींत शिरला. तेव्हापासून विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नारळ कोवळेच गळून पडले, ताडी आटली. पाऊस इतक्यात नाही असं कचेरी म्हणते. उरली ती चर्चच्या छपराखालची सिमेंटची टाकी. तेव्हा रोज प्यायला किती लागेल आणि आहे ते किती पुरेल, हे आधीच ठरवून ठेवायचं.

मी हिशोब समजावला. धडधाकट माणसाला प्यायला आणि रांधायला मिळून दिवसाला चार लिटर. पोराला थोडं कमी. उन्हात राबणाऱ्याला जास्त, आजाऱ्याला जास्त, पोटुशीला आणि अंगावर पाजणारीला तर जास्तच. तेन काइतिरा मधेच म्हणाले, "आणि बोलणारीला? आमच्या हिला नुसतं बोलायलाच दोन लिटर लागतं." त्यांची बायको दुसऱ्या टोकावरून म्हणाली की ह्यांना ऐकू जात नाही म्हणून लागतं. सभा संपेपर्यंत हशा चालला होता.

गावात एकोणसाठ माणसं, साठावी मी. काठी टाकून टाकी मोजली. पुढची बोट महिन्याभरात येईल. पुरून थोडं उरतंच आहे. दुपारी रेडिओवरून आकडा कळवला. साहेब म्हणाले, शाब्बास अकिनेती.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

टाकीवर रोज सकाळी वाटप सुरू केलं. पहिल्याच दिवशी एकाने तीन मावश्यांच्या नावाने तीनदा पाणी नेलं, आणि त्यातल्या दोन मावश्या मागे रांगेतच उभ्या होत्या. लोक इतके हसले की त्याला रागवताही येईना. पण नियम करावा लागला. ज्याचं पाणी त्याने स्वतः यायचं. आजारी असेल तर उचलून आणा, पण आणा. आणि पाणी दिलं की अंगठ्यावर खूण. दवाखान्याचा इओआने (दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि इओआने) जखमेवर लावायचं जांभळं औषध घेऊन आला. तो खूण करतो, मी पाणी ओतते. काम करून, खारट पाण्यात हात घालून दुसऱ्या सकाळपर्यंत रंग बराच उतरतो, म्हणून रोज नवी खूण.

पोरांना ते फार आवडलंय. नाकावर पण लाव म्हणतात.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

रेडिओवर वाईट बातमी. बोटीचं इंजिन बिघडलंय. दुरुस्त झाली की आधी दक्षिणेकडच्या बेटांना जाईल, कारण तिकडचं पाणी संपलंय. मी म्हटलं, मग आमचं काय? साहेबांनी माझाच आकडा मला वाचून दाखवला. तुमच्याकडे पुरून उरतंय, असं तूच कळवलंस ना?

वाटप माणशी दोन लिटरवर आणलं. कुणी कुरकुर केली नाही. तेन काइतिरांनी आपला वाटा सगळ्यांसमोर आधी कमी करून घेतला. भला माणूस आहे.

बुधवार, २४ फेब्रुवारी

टाकी गळतेय. माझी काठी रोज असायला हवी त्याहून खाली टेकत होती आणि मला वाटलं कुणीतरी चोरून उपसतंय. आज इओआने आत उतरला तेव्हा तळाशी तडा सापडला. त्याने सिमेंट भरलं. पण जे वाळूत गेलं ते गेलं.

माणशी एक लिटर. पुन्हा सभा. ह्या वेळी कुणी हसलं नाही. रोतिया बाळंत झाली आहे, मुलगी आहे, पण दूध उतरत नाही. अजून दोघी पाजणाऱ्या आहेत. विहिरीचं पाणी पिऊन चार पोरांना जुलाब लागलेत. ह्या सगळ्यांना जास्त द्यायला हवं हे मीच शिकवलेलं. तेन काइतिरांनी शांतपणे विचारलं की आणायचं कुठून. मग म्हणाले, "राबणाऱ्याला जास्त लागतं म्हणालीस. मग जो काही करत नाही, नुसता सावलीत बसून असतो, त्याला किती?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्याला कमी लागतं.

खांबांना टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे एकेक करून माना वळल्या. म्हातारे खाली बघत होते. मी घाईघाईने म्हटलं की कमी म्हणजे अगदी थोडं कमी. पण सभा उठली होती.

शनिवार, २७ फेब्रुवारी

नेई तिनाईला तिचं पाणी मिळत नाही. रांगेत ती येते, अंगठा पुढे करते, भांडं भरून घेते. घरी आल्यावर तोरेका ते तिच्या हातातून घेते आणि रोतियाच्या मगात ओतते. आज ती रिकामं भांडं तोंडाला लावून बसलेली दिसली. मी माझ्यातलं अर्धं तिला दिलं. ती ते इतक्या पटकन प्यायली की ठसका लागून निम्मं झग्यावर सांडलं. मग ती झग्याची ओली कड चोखत राहिली.

तोरेकाशी बोलले. ती भांडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू सांगितलंस ना, पाजणारीला जास्त लागतं? मग सांग, कुणाचं घेऊ?"

मी सभेत मागणी केली की प्रत्येकाने आपलं पाणी टाकीपाशी, माझ्यासमोर प्यावं. वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. घरात कुणी काय प्यावं हे कचेरीने ठरवायचं नसतं.

मंगळवार, २ मार्च

आज रांगेत तेन काइतिरांचा थोरला भाऊ उरिआम होता. मुलाच्या पाठीवर, मान त्याच्या खांद्यावर टाकलेली. अंगाला खोबरेल लावून चापून भांग पाडलेला. मुलाने वडिलांचा हात मागून पुढे ओढून धरला.

अंगठ्यावर कालची खूण होती तशीच होती. इतरांचे अंगठे पुसट, गुलाबी झालेले. हा गडद. जरासुद्धा न उतरलेला. मी हात धरला. ऊन असं होतं की माझ्या हातातलं पत्र्याचं माप चटका देत होतं, आणि तो हात गार होता.

मी इओआनेकडे पाहिलं. त्याने जुन्या खुणेवर नवी खूण केली आणि म्हणाला, "भर."

मुलाच्या मागे त्याची दोन पोरं उभी होती, ओठ फुटलेली. त्यामागे सगळं गाव. सगळे बघत होते. मी भरलं.

नंतर इओआने मला समजावत होता. मेलेल्याला जमिनीत पुरलं की त्याचं पाणी बंद होतं. म्हाताऱ्याच्या नावाने नातवंडांना दोन दिवस मिळालं तर कुणाचं काय गेलं? मला पटलं. खरंच पटलं. म्हणून इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, ५ मार्च

दोन दिवस नाही. उरिआम आजही आला होता. आता चटईत गुंडाळून आणतात, फक्त हात बाहेर. तेलाचा वास इतका की डोक्यात जातो, आणि त्याखाली दुसरा वास. बरोबर आणखी दोन चटया होत्या. एकीतला हात कुणाचा ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आधी आली नव्हती, गावाच्या आली. जिवंत म्हातारा एक लिटर आणतो आणि त्यातलं थोडं तरी पितो. मेलेला एक लिटर आणतो आणि काहीच पीत नाही.

सोमवार, ८ मार्च

नेई तिनाई काल संध्याकाळपर्यंत जिवंत होती. माझा हात धरून बसली होती. मला म्हणाली, पोरी, मला उद्या चालवत ने, उचलू देऊ नकोस. मी हो म्हटलं.

आज उजाडताना तोरेका तिचे केस विंचरत होती. अंगावर रविवारचा झगा. मी विचारलं, कशी गेली? तोरेका म्हणाली, झोपेत. पण आतल्या बाजूची चटई विस्कटलेली होती आणि तोरेकाच्या मनगटावर ओरखडे होते, ताजे. रोतिया भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. आता दूध येतंय.

सासूला तोरेकाने एकटीने पाठीवर घेतलं. मला म्हणाली, जरा मागून हात लाव.

मी लावला.

टाकीपाशी माप माझ्याच हातात होतं. मी ते खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले की ही मेलेली आहे, मी ह्यापुढे मेलेल्यांना पाणी देणार नाही. तेन काइतिरा आले, माप उचललं आणि इओआनेच्या हातात दिलं. मला म्हणाले, "दमलीस, अकिनेती. घरी जाऊन पड."

रेडिओ मागितला. बॅटरी संपली म्हणाले.

बुधवार, १० मार्च

आज माझ्या वाट्याला अर्धा मग. तोरेका म्हणते तेवढंच दिलं. खारट लागलं. विहिरीचं आहे. माझं गेलं कुठे ते मला माहीत आहे, पलीकडच्या कोपऱ्यात रोतिया पितानाचा घोटघोट ऐकू येतो.

ती चांगली मुलगी आहे. माझ्याकडे बघत नाही.

गुरुवार, ११ मार्च

जुलाब. सारखे. आजाऱ्याला जास्त लागतं. लागतंच. तोरेकाला सांगितलं. हो हो म्हणाली, कपाळावरून हात फिरवला.

उभं राहिलं की अंधारी येते. म्हणून टाकीपाशी मला पाठीवर नेलं. इओआनेने माझा अंगठा धरला, खूण केली. मी म्हटलं, मी आत्ता इथेच पिते, दे इकडे. त्याने भांडं तोरेकाला दिलं. मी हात लांब केला तर रांगेतल्या एका बाईने तो हळूच खाली केला. असा, जसा लहान मुलाचा करतात.

रांगेत चटया किती होत्या! उभ्या माणसांच्या जवळजवळ निम्म्या. त्यांतली एक लहान होती.

शनिवार, १३

बाळाचा आवाज नाही सकाळपासून. विचारलं. तोरेका म्हणाली, झोपलंय. रोतिया हसली. पहिल्यांदाच हसली माझ्याकडे बघून. मग हसायची थांबेना—

बाळाचा अंगठा केवढासा असतो. पण खूण मावते.

सोमवार

जीभ टाळूला चिकटते. लिहिणं बरं, बोलावं लागत नाही.

बाहेर तेन काइतिरा बोलत होते. रेडिओवर. बॅटरी होती तर. शब्द नीट ऐकू आले. बोट उद्या येते. त्यांनी सांगितलं, इथे तापाची साथ आहे, खाली उतरू नका. होडीतूनच माणसं मोजा आणि माणशी पिंपं वाळूवर टाका. आम्ही सगळे किनाऱ्यावर बसून राहू. सगळे म्हणजे साठ ना, असं तिकडून विचारलं. हे म्हणाले—

साठ.

मंगळवार

आली. बोट आली. भोंगा ऐकला. रडायला आलं, पण डोळ्यांतून काही येत नाही.

फटीतून किनारा दिसतो. माडांच्या सावलीत रांगा. सगळे बसलेत. चटया उघडल्यात आज. खांद्याला खांदा लावून, जिवंत, मेलेला, जिवंत, कलंडू नये म्हणून. डोक्यावर टोप्या. तिनाईलाही टोपी. इतकं ऊन आहे आणि एकही जण हलत नाही, कुठला कोण ते मला इथून—

तेन काइतिरा येऊन गेले. जवळ बसले, चांगलं बोलले. विचारलं, बोटीवरच्यांना काय सांगशील? मी म्हटलं, जे झालं ते. त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसले. जाताना म्हणाले, पाणी आलं की सगळ्यांना पुरलं असतं गं.

असतं म्हणाले.

तोरेका आली. दारात उभी. हातात कापडाची पट्टी. म्हणते, आपल्याला किनाऱ्यावर जायचंय, फक्त हाक मारायची नाही, नुसतं बसायचं, मग पाणी. मी म्हटलं, मी हाक मारणार. ती रडायला लागली. इतकी रडली की तिला खाली बसावं लागलं. आता उठलीय. इओआनेला बोलावतेय.

होडीच्या इंजिनाचा आवाज. जवळ. खूप जवळ आहे. माणसं बोलतात ती कळताहेत, मोजताहेत, मोठ्याने. सत्तावीस, अठ्ठावीस. आत्ता ओरडले तर ऐकू जाईल. नक्की जाईल. घसा ओला व्हायला हवा, थुंकी सुद्धा— एकदाच, जोर करून—

इओआने आत